पंचविसावी उडी

आमच्या इमारतीची लिफ्ट मीच बंद पाडली, हे आधी कबूल केलेलं बरं. त्याशिवाय पुढच्या प्रकरणात शेजाऱ्यांना माझी दया का आली नाही, हे कळायचं नाही. मी लिफ्ट निरीक्षक आहे. सरकारी. गेली सव्वीस वर्षं लोकांच्या लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासतो. स्वतःच्या इमारतीची तपासणी खरं तर दुसऱ्याने करायची असते, पण तो दुसरा रजेवर होता. आमच्या लिफ्टच्या दोराच्या सहा तारा तुटलेल्या होत्या आणि त्या दिसू नयेत म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यावर बोटभर जाड ग्रीस थापून ठेवलं होतं. मी रुमालाने ग्रीस पुसलं, तारा मोजल्या, दारावर 'वापर बंद'ची लाल पाटी लावली आणि सोसायटीच्या बैठकीत उभा राहून म्हणालो, "दोष असणं हा गुन्हा नाही. दोष झाकणं हा गुन्हा आहे." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणालो. आम्ही स्वतः पाचव्या मजल्यावर राहतो, त्यामुळे त्या वाक्याला त्यागाचीही झालर होती.

यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताकडे बघून मान हलवली.

त्यांनी मला एक ओळ लिहायला सांगितली होती. मी लिहिली. ओळीच्या सुरुवातीला अक्षरं नीट होती आणि शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढी झाली. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटायला लावली. डावा हात टाळ्या वाजवल्यासारखा आपटत होता. उजवा सरकारी कामासारखा, दोनदा झालं की विचार करत होता. डॉक्टर म्हणाले, "कंपवात आहे. सुरुवात आहे."

"म्हणजे हात थरथरणार?"

"थरथरीचं एवढं नाही. हात उशिरा येईल. तुम्ही सांगाल आणि तो जरा वेळाने ऐकेल."

"किती दिवस आहेत?"

"तसं सांगता येत नाही. गोळ्या आहेत. पुष्कळांची पुष्कळ वर्षं चांगली जातात. घरी कोणाला तरी सांगा."

मी घरी कोणाला सांगितलं नाही. घरी म्हणजे बायकोला, कारण घरी आम्ही दोघंच. तिला का सांगितलं नाही, याची मी त्या वेळी स्वतःला पाच-सहा उदात्त कारणं दिली होती. खरं कारण एकच होतं, मला भीती वाटत होती. एकदा तिला सांगितलं की ते खरं होणार होतं.

शिवाय घरातलं वातावरणही अनुकूल नव्हतं. डॉक्टरांकडे जायच्या दोनेक महिने आधीपासून आमच्याकडे मला चहा अर्धा कप मिळू लागला होता. तिचा कप भरलेला, माझा अर्धा. मी विचारलं, दूध महाग झालं का. ती म्हणाली, "पुन्हा घ्या की. कोण नको म्हणतंय." दुसऱ्यांदा मागितला की पुन्हा अर्धाच. अठ्ठावीस वर्षं संसार केल्यावर माणसाची किंमत अर्ध्या कपावर येते, हे मला फार लागलं, पण बोलणार कोणाला. त्याच सुमारास तिने मला बिनलेसचे बूटही आणले, ते म्हाताऱ्यांचे असतात तसले. म्हणे सेलमध्ये होते.

आजाराचं नाव कळलं की माणूस देवाकडे वळतो, पथ्याकडे वळतो किंवा मृत्युपत्राकडे वळतो. मी माळ्याकडे वळलो. पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे एक जुनी नोंदवही होती. विशीत मी स्कायडायव्हिंग करत असे. परवान्याला पंचवीस उड्या लागतात. माझ्या एकोणीस झाल्या होत्या, मग लग्न झालं, नोकरी लागली आणि उरलेल्या सहा 'पुढच्या मोसमात' राहिल्या. त्या मोसमाला आता एकोणतीस वर्षं झाली होती. मी गादीवर बसून हिशेब केला. सहा उड्या. उजव्या हाताने हँडल ओढायचं, ते सहा वेळा. तेवढं तर हा हात करेल. आयुष्यात मी हजारो लिफ्टना परवाने दिले, स्वतःच्या नावावर एक असायला काय हरकत आहे.

क्लब शहराबाहेर, एका छोट्या धावपट्टीच्या कडेला होता. तिथे कागदपत्रं बघणाऱ्या गृहस्थांनी माझी नोंदवही पानापानाने वाचली आणि म्हणाले, "या दोन उड्यांवर सही नाही."

"त्या दिवशी पाऊस आला. सर सही न करताच निघून गेले."

"मग त्यांची सही आणा."

"ते वारले."

"मग वारल्याचा दाखला आणा."

"दाखला आणला तर त्या दोन उड्या धराल?"

"नाही. पण सही का नाही, याला कारण मिळेल."

मला त्यांच्याविषयी आदर वाटला, कारण मीही लोकांशी असाच बोलतो. दाखला मिळवायला मला बारा दिवस आणि दिवंगत सरांच्या तीन नातेवाइकांचे टोमणे लागले. त्यातला एक म्हणाला की आमचे काका जमिनीवर पाय घसरून गेले, विमानातून नाही, हे लक्षात ठेवा. दाखला जोडला, कारण मिळालं आणि उड्या सतरा धरल्या गेल्या. म्हणजे उरल्या आठ.

मग प्रकृतीचा फॉर्म. प्रश्न अकरावा असा होता: 'हातापायांत कंप, बधिरपणा अथवा मंदपणा आहे का?' पुढे दोन चौकोन. मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. खूण चौकोनाबाहेर गेली, ती पुन्हा गिरवली. क्लबच्या डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, कानात बॅटरी मारली आणि म्हणाले, हात पुढे करा. आता या आजाराची गंमत अशी की हात मांडीवर ठेवला तर थरथरतो आणि पुढे केला की थांबतो. पाहुणे आले की शहाण्यासारखी वागणारी मुलं असतात, त्यातला प्रकार. डॉक्टर म्हणाले, उत्तम. मी बाहेर आलो आणि मला ग्रीसचा वास आला. खोटं कशाला सांगू, खरंच आला. पण तो विमानाचा असेल अशी मी समजूत करून घेतली.

शेवटचा कागद जवळच्या नातेवाइकाच्या संमतीचा होता. मी तो बायकोपुढे ठेवला तेव्हा ती इस्त्री करत होती. भांडण होणार म्हणून मी तीन मुद्दे तयार ठेवले होते. तिने इस्त्री उभी केली, कागद सावकाश वाचला, पाठीमागचं बारीक अक्षरातलंही वाचलं. माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं असं मला आता वाटतं.

"तिथे हे बूट चालतात का?" तिने विचारलं.

"चालतात."

तिने सही केली आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली. माझे तिन्ही मुद्दे वाया गेले. बायकोने विरोध करू नये याचाही अपमान वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

लिफ्ट बंद असल्यामुळे बातमी जिन्याने पसरली. पूर्वी लिफ्टमध्ये लोक दाराकडे तोंड करून गप्प उभे राहत. आता प्रत्येक मजल्यावर कोणीतरी दम खात उभं असायचं आणि दम खाताना माणसाला सल्ले सुचतात. सेक्रेटरी सहाव्या मजल्यावर राहतात, म्हणजे इमारतीच्या अगदी डोक्यावर. ते म्हणाले, "आम्ही पडू म्हणून आम्हाला सहा-सहा मजले चढवताय आणि स्वतः विमानातून उडी मारताय. नियम फक्त आम्हालाच का?" मी म्हणालो, पाठीवर दोन पॅराशूट असतात, तुमच्या लिफ्टला सहा तारा कमी होत्या. ते म्हणाले, "बघू."

तिसऱ्या मजल्यावर गणिताचे निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी माझं वजन विचारलं आणि दुसऱ्या दिवशी टपालपेटीत एक चिठ्ठी टाकली. बारा हजार फुटांवरून जमीन गाठायला एकूण बहात्तर सेकंद. पंचेचाळिसाव्या सेकंदाला पॅराशूट उघडणे अपेक्षित. न उघडल्यास शिल्लक सत्तावीस सेकंद. खाली 'उत्तर तपासून पाहावे' असं लिहून सही केली होती.

जमिनीवर उतरताना गुडघे जुळवून लोळण घ्यायची असते. तिचा सराव मी बैठकीच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावरून उडी मारून करत होतो. चौथ्या उडीला खालच्या वहिनी वर आल्या. त्यांच्याकडे छताचा दिवा हलत होता आणि भावी सुनेचे आईवडील बघायला आले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी विचारलं वर कोण राहतं. मी सांगितलं, सरकारी अधिकारी. त्यांचा विश्वास बसला नाही." ते लग्न पुढे मोडलं. कारण पत्रिकेचं सांगितलं गेलं, पण वहिनी माझ्याशी अजून बेताचंच बोलतात.

क्लबात माझी प्रशिक्षक एकोणतीस वर्षांची होती, म्हणजे मी शेवटची उडी मारली तेव्हा ती पाळण्यात असेल. तिला सगळे 'पिन' म्हणत, कारण पॅराशूटची पिशवी एका वाकड्या पिनेने बंद असते आणि ही मुलगी भेटेल त्याला नमस्काराऐवजी "पिन बघितली?" असं विचारायची. मला काका म्हणायची. "मला तू म्हणा, काका. वर गेल्यावर अहो-जाहोला वेळ नसतो." विमानात बसायच्या आधी तीन वेळा तपासणी, एकदा स्वतः, एकदा दुसऱ्याने, एकदा विमानात. तिचं हे वेड बघून मला घरच्यासारखं वाटलं. माझ्या खात्यात अशी माणसं राहिलेली नाहीत.

परवाना मिळाला की क्लबात कागद नंतर देतात, आधी कपाळावर शिक्का मारतात. लाल शाईचा, मोठा गोल, दोन दिवस जात नाही. पिनने तो शिक्का मला टेबलाच्या खणातून काढून दाखवला. मी आयुष्यभर शिक्के मारले, माझ्यावर कोणी मारला नव्हता. तो मला फार हवासा वाटला, अगदी लहान पोराला वाटावा तसा. ऑफिसात सोमवारी लाल कपाळ घेऊन जायचं, जिन्यात प्रत्येक मजल्यावर जरा थांबायचं, हे सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं.

पहिली उडी बरी झाली, म्हणजे मी डोळे उघडे ठेवले. दुसऱ्या उडीत वाऱ्याने मला शेजारच्या शेतातल्या शेणखताच्या ढिगावर उतरवलं. तिथे मी शिकवल्याप्रमाणे, गुडघे जुळवून, अगदी नमुनेदार लोळण घेतली. त्या संध्याकाळी जिन्यात एकाही शेजाऱ्याने मला सल्ला दिला नाही, सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले. तिसऱ्या उडीनंतर पिन म्हणाली, काका, तुमचा हात हँडलवर जरा सावकाश जातो. मी म्हणालो, वय. चौथीनंतर ती काही म्हणाली नाही, म्हणून मी खूश झालो. पाचवी, सहावी. दर खेपेला मी गोळी उडीच्या बरोबर दीड तास आधी घेत होतो, कारण तेव्हा हात सगळ्यात शहाणा असतो. क्लबच्या संडासात, नळ सोडून. नळ का सोडायचो, ते मला माहीत नाही. गोळी गिळण्याचा आवाज होत नाही.

सातवी उडी, म्हणजे नोंदवहीतली चोविसावी, शनिवारी होती. ही माझी एकट्याची होती. पिन खाली मैदानात उभी राहून बघणार होती. दारातून बाहेर पडलो, पोट खाली, पाठीला बाक, सगळं पुस्तकाप्रमाणे. मनगटावरच्या उंची दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा पाच हजारांवर आला. मी हाताला सांगितलं, हँडल. हँडल उजव्या बाजूला, कमरेच्या मागे असतं. हात गेला, पण वाटेत थांबला. मी पुन्हा सांगितलं. हात पोचला, पण बोटं मिटेनात. हँडल तळहाताला लागत होतं, थंड, लहान चेंडूएवढं, आणि बोटं माझीच, पण कोणी पाहुणा बसावा तशी बसून होती. त्या वेळी मला भीती वाटली नाही. लाज वाटली. तिसऱ्यांदा मी डाव्या हाताने उजव्याचं कोपर पाठीमागे ढकललं आणि सगळा हातच ओढला गेला, त्याबरोबर हँडल आलं. पॅराशूट उघडलं तेव्हा काटा एकोणतीसशेवर होता. मास्तरांच्या सत्तावीस सेकंदांपैकी बारा मी खर्च केले होते.

पिन धावत आली. "काका, एवढा उशीर?"

"नदी दिसत होती. बघत राहिलो."

"नदी जमिनीवरून बघायची असते. पुन्हा असं केलंत तर मी सही देणार नाही." ती चिडली होती, पण तिचा विश्वास बसला होता. विश्वास बसला याचं मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही. तिने चोविसाव्या ओळीवर सही केली आणि म्हणाली, "उद्या शेवटची. मी बरोबर उडी मारणार आहे, परीक्षेची असते ना. आणि कपाळ धुऊन या."

रविवारी बायकोने मला सकाळी अर्धा कप चहा दिला. मी पायांत ते बूट सरकवले आणि निघालो. तिने दारात उभं राहून विचारलं, "आज शेवटची ना?" मी हो म्हणालो. ती जिन्याच्या कठड्यापाशी उभी होती. मी चौथ्या मजल्यावरून वर बघितलं तेव्हा होती, दुसऱ्यावरून बघितलं तेव्हाही होती.

विमानात पिन माझ्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. आवाज फार असतो, कानाशी ओरडून बोलावं लागतं. मी विचारलं, "माझं पॅराशूट मी उघडलं नाही तर तू काय करशील?"

"तुमच्याजवळ येऊन मी उघडीन."

"आणि तुला मला गाठता आलं नाही तर?"

"तर एका उंचीनंतर मी तुम्हाला सोडून स्वतःचं उघडायचं. नियम आहे."

"आणि तू सोडशील?"

तिने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. मी सव्वीस वर्षं माणसांची उत्तरं ऐकली आहेत. लिफ्टचे ठेकेदार, सेक्रेटरी, मालक. कोण खोटं बोलतंय आणि कोण बोलायचं टाळतंय हे मला कळतं. ही मुलगी मला सोडणार नव्हती.

अकरा हजारांवर तिसरी तपासणी झाली. तिने माझी पिन बघितली, अंगठा वर केला आणि म्हणाली, हँडलला हात लावून दाखवा. मी हात मागे नेला. हँडलच्या चार बोटं अलीकडे तो थांबला. विमानात गर्दी असते, माझ्या पाठीमागचं तिला दिसत नव्हतं. मी हात तिथेच धरून मान हलवली असती तर चाललं असतं. ती मान हलवण्याचीच वाट बघत होती. दार उघडलं. खाली शेतं आणि रस्ते आणि एक पांढरं छप्पर दिसत होतं. वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, निदान काही वाऱ्यानेच येत असेल. दारातून एक-एक जण जात होता. आमचा नंबर आला. पिन म्हणाली, "चला, काका."

मी म्हणालो, "वापर बंद."

तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो, आणि दारापासून मागे सरून बाकावर बसलो. वैमानिकाने मान वळवून बघितलं. उडी मारायला वर गेलेला माणूस विमानातूनच खाली आला की क्लबात त्याला वर्षभर चिडवतात, हे मला माहीत होतं. पिनने दार ओढून घेतलं आणि माझ्याबरोबर खाली आली. वीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो होतो. माझा उजवा हात मांडीवर होता. मी तो झाकला नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

जमिनीवर उतरल्यावर मी तिला सगळं सांगितलं. अकरावा प्रश्न, गोळी, नळ, नदी. ती समजुतीने घेईल, डोळ्यांत पाणी आणेल असं मला कुठेतरी वाटलं होतं. ती तशी मुलगी नव्हती.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या उडीच्या आधीपासून."

"म्हणजे सात उड्या तुम्ही माझ्या जिवावर मारल्यात," ती म्हणाली. "मी तीन-तीन वेळा तपासते, काका. पिन, पट्टे, दोर, घड्याळ. माणूस खरं बोलतोय का ते तपासायला माझ्याकडे काही नाही. तिथे मी विश्वास ठेवते."

तिने नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी पंचविसाव्या ओळीवर लिहिलं: 'उडी झाली नाही. कारण: उजवा हात. दोष पूर्वीपासून, झाकलेला.' अक्षरं ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेली. खाली सही केली. तिने ते वाचलं, सहीशेजारी तारीख घातली आणि खण बंद केला. खणात शिक्का होता. ती निरोप घ्यायला दारापर्यंत आली नाही, आणि ते बरोबरच होतं.

इमारतीपाशी आलो तेव्हा सेक्रेटरी पहिल्या पायरीवर बसले होते. नवा दोर आला होता, बसवला होता. ते म्हणाले, उद्या तपासून पाटी काढलीत तर बरं होईल. मी त्यांच्या शेजारी बसलो. पाच मजले चढायचा धीर नव्हता. मी विचारलं, "ते ग्रीस का थापलंत हो?"

ते म्हणाले, "वर आई आहे. ब्याऐंशी वर्षांची. रोज संध्याकाळी खाली समोरच्या या बाकावर येऊन बसायची, तेवढाच तिचा दिवस. लिफ्ट बंद झाली की ती घरातच राहणार, ते माहीत होतं. दोर यायला चार महिने लागतील म्हणाले होते. वाटलं, तेवढे दिवस ओढू. तेवढं चालेल असं वाटलं." आणि मग, "चार महिने झाले, खाली उतरलेली नाही."

बैठकीतलं माझं वाक्य मला आठवलं. दोनदा आठवलं. मी त्यांना सांगितलं की तपासणी उद्या नको, आत्ताच करू. टॉर्च घेऊन वरच्या यंत्राच्या खोलीत गेलो, दोर बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपला, डाव्या हाताच्या बोटांनी. दोर चांगला होता. सेक्रेटरींना पाटी काढायला सांगितलं. आणि लिफ्टने न जाता सहाव्या मजल्यावरून एक मजला उतरून घरी आलो, कारण हात जोरात थरथरत होता आणि लिफ्टमध्ये आरसा आहे.

बायको स्वयंपाकघरात होती. माझ्या कपाळाकडे तिने बघितलं. कपाळ स्वच्छ होतं. तिने गॅसवर आधण ठेवलं. मी टेबलापाशी बसून म्हणालो, "मला तुला एक सांगायचंय."

"हाताचं ना," ती म्हणाली.

मी उजवा हात टेबलाखालून काढून वर ठेवला.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं. नोव्हेंबरमध्ये तुमचा चहा बशीत सांडायला लागला. तुम्ही बशीतला हळूच कपात ओतून पीत होतात आणि माझ्याकडे बघत होतात, बघितलं का म्हणून. मग मी अर्धाच द्यायला लागले. अर्धा सांडत नाही." ती गाळणं शोधत होती. "बुटांच्या लेसशी रोज दहा मिनिटं झटायचात. ते बूट सेलमध्ये नव्हते."

डॉक्टरांनी मला सांगायच्या दोन महिने आधी तिला कळलं होतं. मी गोळ्या मोज्यांच्या खणात लपवत होतो आणि मोजे घड्या घालून ठेवायचं काम या घरात कोण करतं, याचा विचार एका सरकारी निरीक्षकाने तीन महिन्यांत केला नव्हता.

"मग सही का केलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मला काही झालं असतं तर?"

तिने गॅस बंद केला. तिची पाठ माझ्याकडे होती. "मी नको म्हटलं असतं तर तुम्ही जन्मभर म्हणाला असतात, हिने राहू दिलं नाही, नाहीतर झालं असतं. तुम्हाला दुसऱ्या कोणी नापास केलेलं सहन झालं नसतं. मला वाटलं, या माणसाने कधी खोटी लिफ्ट पास केली नाही. स्वतःलाही करणार नाही. पहिल्याच उडीला परत याल असं वाटलं होतं मला." मग म्हणाली, "सात झाल्या. सातही वेळा मी फोन हातात धरून बसले होते. वाजेल म्हणून."

ती रडत नव्हती. मीच रडत होतो, आणि उजव्या हाताने डोळे पुसायला गेलो तर तो वेळेवर आला नाही. तिने पदराने माझं तोंड पुसलं, कपाळही पुसलं, जणू तिथे काही होतं. मग दोन कप घेतले. माझ्या कपात अर्ध्यावर येऊन हात थांबला तिचा.

"भरून दे," मी म्हणालो. "सांडला तर सांडू दे."

तिने काठोकाठ भरला. मी कप उचलला, तोंडापर्यंत येईतो थोडा बशीत सांडला, थोडा टेबलावर, थोडा शर्टावर. ती फडकं आणायला उठली नाही. समोर बसून आपला चहा प्यायली. खालून लिफ्ट वर जाण्याचा आवाज आला, सहाव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि फार वेळाने, कोणीतरी सावकाश आत शिरल्यावर, बंद झालं.